सुईकाकूंच्या गच्चीवरचं यंत्र

सुईकाकू शिवणकाम करायच्या आणि जिभेलाही तेवढंच टोक, म्हणून हे नाव. गल्लीच्या टोकाला खडीचा क्रशर. सकाळी बेतलेलं पांढरं कापड संध्याकाळी राखाडी, आणि काकांच्या छातीचा भाता. बिचारे उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपत. आता क्रशरवाल्यांना दुसरा क्रशर हवा होता, तोही थेट घरामागे. परवाना द्यायचा की नाही, ते हवेतली धूळ मोजून ठरणार होतं.

मोजायचं यंत्र काकूंच्या गच्चीवर, वायर काकूंच्या घरातल्या बोर्डात. सलग चोवीस तास चाललं तरच आकडा धरायचा. यंत्र लागलं सकाळी दहाला आणि क्रशर बंद पडला पावणेदहाला!

"दुरुस्ती हो काकू, निव्वळ योगायोग," क्रशरचा मॅनेजर साखरेत घोळून म्हणाला.

"गेल्या वर्षीही योगायोग, त्याआधीही योगायोग. तुमच्या योगायोगाला तारखा बऱ्या पाठ असतात!"

त्या रात्री काका चक्क आडवे झोपले. काकूंना आनंद व्हायचा, तर तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे चांगली हवा देता येते यांना. पण ती यंत्राला, माणसाला नाही!

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला त्यांनी प्लग उपटला.

यंत्र न्यायला आलेला तपासनीस किंचाळलाच. "काकू! पंधरा मिनिटं राहिली होती! सरकारी कामात अडथळा आहे हा!"

"लिही ना. प्लग काकूंनी काढला, लिही. आणि क्रशर कालपासून बंद होता, तेही लिही. का, तेवढ्यापुरती शाई संपते?"

"फॉर्मवर तशी जागाच नाही हो."

"मागची बाजू कोरी आहे की!"

तो मान खाली घालून लिहायला लागला. इतक्यात दहा वाजले आणि क्रशर धडधडू लागला. मोजणी अर्धवट राहिल्याचं मॅनेजरच्या गावीही नव्हतं. त्याने आपलं घड्याळ बघून बटण दाबलं होतं.

काकूंनी प्लग परत खोचला. "घाल यंत्रात नवा कागद. आता मोज."

"साहेब चिडतील..."

"तुझे साहेब इथे झोपायला येतात का रे?"

आत काकांना खोकल्याची उबळ आली, थांबेचना. तपासनिसाने धूळ धरणारा नवा फिल्टर पेपर बसवला, वेळ टिपली. तोच, यंत्र अजून गच्चीवरच पाहून मॅनेजरने त्याला फोन केला. काकूंनी तो त्याच्या हातातून घेतलाच.

"बंद करताय? खुशाल करा, तीही वेळ लिहू. पण दारात ट्रकांची रांग लागलीय तुमच्या. त्यांना काय सांगणार, योगायोग?"

क्रशर चालूच राहिला.