मिटमिट्याला सोडवताना

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कन्नडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसले होते. माहेरी आई आजारी म्हणून दोन दिवस आले होते, आणि आता परत निघाले होते. यांनी फोनवर एवढंच सांगितलं, वहिनी गेली, तू ये. शेजारी एक अनोळखी बाई पेरू चिरून, तिखट-मीठ लावून खात होती. माझ्याकडं बघून तिनं न विचारताच एक फोड पुढं केली. मी ती घेतली आणि खाल्ली. अक्का असत्या तर त्यांनीही खाल्ली असती. तीसपेक्षा जास्त वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई… वॉर्डातलं माणूस गेलं की चादर ओढायची, हात धुवायचे आणि डबा उघडायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार कोरडं वाटलं होतं. तसं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, उपाशी राहून मेलेलं माणूस उठत नाही, आणि पुढच्या खाटेवरच्याला इंजेक्शन देताना हात मात्र थरथरतो.

विमलअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. शहरातल्या छावणी भागात आमची दोन घरं एका भिंतीला भिंत लावून आहेत. अंगण एक, नळ एक. थोरले दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर अक्का मोकळ्या झाल्या आणि सहा महिन्यांच्या आत त्यांच्या घरात पहिलं कुत्रं आलं. शहरात जखमी जनावरं उचलणाऱ्यांचा एक गट आहे. गाडीखाली आलेलं, कुणी उकळतं पाणी टाकलेलं, गटारात सोडून दिलेलं कुत्रं ते उचलतात, डॉक्टरकडं नेतात. पण त्यानंतर ते ठेवायचं कुठं? कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी सांभाळावं लागतं. ते अक्कांनी पत्करलं. त्या कुत्र्यांचे लाड करत नसत. जखम धुताना कुत्रं ओरडलं तर “गप, मेलेला नाहीस” म्हणायच्या. नावही ठेवत नसत. जिथं सापडलं त्या जागेवरून हाक मारायची, मोंढा, पडेगाव, स्टेशन. खरं नाव ज्याच्या घरी जाईल त्यानं ठेवावं, असं त्यांचं म्हणणं. किती कुत्री आली आणि गेली, मी मोजली नाहीत. जाताना त्या दारापर्यंतही जायच्या नाहीत. मागं फिनेलनं फरशी पुसायला घ्यायच्या.

मोंढ्याचं मात्र वाईट झालं. तांबूस, कानात भोक पडलेलं, हसरं कुत्रं. पिशोरकडं शेती असलेला एक माणूस त्याला घेऊन गेला. राहायला शहरात, नोकरी कंपनीत, बोलायला गोड. शेतावर मोकळं राहील, दूध-भाकरी खाईल, असं त्यानं सांगितलं. दिवाळीनंतर अक्का मला घेऊन त्याच्या शेतावर बघायला गेल्या. त्यानं खुर्च्या टाकल्या, चहा मांडला. अक्कांनी विचारलं, कुत्रा कुठाय? तो कपात चहा ओतता ओतता म्हणाला, “त्यानं कोंबडी धरली ओ. म्हणून घाटात सोडला. तिथं लोक माकडांना केळी टाकतेत, त्याला बी भेटंल कायतरी.” त्याच्या आवाजात जराही अपराधीपणा नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. त्यानं कप पुढं केला. अक्कांनी तो घेतला, खाली जमिनीवर ठेवला आणि उठल्या.

मग आम्ही जीप करून कन्नडच्या घाटात गेलो. प्रत्येक वळणावर अक्का उतरायच्या आणि दरीकडं तोंड करून हाक मारायच्या, “मोंढा… ए मोंढा…” वरून जाणारे ट्रकवाले बघायचे. एका जीपमधल्या पोरांनी हसत हसत तीच हाक परत दिली. एका टपरीवाल्यानं सांगितलं, तसलं तांबडं कुत्रं होतं खरं, येणाऱ्या प्रत्येक गाडीमागं पळायचं, मग दिसेनासं झालं. म्हणजे तो प्रत्येक गाडीत आपलं माणूस शोधत होता. तेव्हापासून मात्र अक्का कुत्रं द्यायच्या आधी माणसाला दमवायच्या. चार वेळा ये, घाण काढ, जखमेला हात लाव, मग बघू. गोड बोलणाऱ्याला तर त्या दारातूनच वाटेला लावायच्या. लोक त्यांना खडूस म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्या होत्याच.

मिटमिट्या आला तो त्यानंतर. मिटमिटा गावाकडच्या रस्त्यावर सापडला म्हणून मिटमिट्या, आणि योगायोग असा की एक डोळा गेलेला, दुसरा सारखा मिटायचा. कुणीतरी त्याचं तोंड बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या तारेनं आवळून बांधलं होतं. का, ते कळायला मार्ग नाही. भुंकतो म्हणून असेल, किंवा नुसतीच गंमत असेल. तार मांसात इतकी रुतली होती की वरून कातडी धरायला लागली होती. डॉक्टरांनी भूल देऊन ती काढली, तरी नाकाच्या वर एक खोल वळ कायमचा राहिला आणि खालचा ओठ एका बाजूला लोंबायला लागला. कित्येक दिवस अक्का त्याला सलाइनच्या नळीनं पेज पाजत होत्या. जवळ माणूस आलं की तो मुतायचा. अक्का त्याच्याशेजारी फरशीवर पेपर वाचत बसायच्या, त्याच्याकडं न बघता. एक दिवस त्यानं हनुवटी त्यांच्या पावलावर ठेवली. अक्का तशाच बसून राहिल्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, “नंतर आण. आत्ता पाय हलवता यायचा नाय.”

त्याला न्यायला कुणी तयार होईना. लोक यायचे, त्याचं तोंड बघायचे आणि दुसरा नाही का, असं विचारायचे. एका बाईनं तर लेकराच्या डोळ्यावर हात ठेवला. मिटमिट्या आपला शेपूट हलवत उभा. असं करत दोन वर्षं उलटली. तो अक्कांच्या खाटेखाली झोपायचा, त्या नळावर गेल्या की नळावर, संडासात गेल्या की दाराबाहेर. मी म्हणायचे, अक्का, हा आता तुमचाच. त्या म्हणायच्या, माझा नाय, सांभाळायला आलाय. पण आता ते म्हणताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा नसायचा.

मग उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि तपासण्यांत स्वादुपिंडाची गाठ निघाली. डॉक्टर घोळून घोळून सांगत होते. अक्कांनीच त्यांना थांबवलं. घरी आल्यावर अंगणात मेथी निवडता निवडता मला म्हणाल्या, “थंडी बघंन असं वाटत नाय. ह्याचं बघावं लागंल.” ह्याचं म्हणजे मिटमिट्याचं. मी लगेच म्हटलं, त्यात काय बघायचं, मी आहे की, भिंतीपलीकडं तर राहते. त्यांनी मान हलवली. “तुझ्याकडं ठेवला तर तो माझ्याच दारात बसंल. मी मेल्यावर बी तिथंच बसंल. बंद दार बघत. त्याला लांब गेलं पाहिजे, शोभा.” ते खरंच होतं.

मंगल त्या गटातल्या कुणाच्या तरी ओळखीनं आली. कन्नडच्या अलीकडं तिची रोपवाटिका आहे, म्हातारे सासरे आणि ती. तिचं आधीचं कुत्रं साप चावून गेलेलं. तिनं मिटमिट्याकडं बघून च्यक केलं नाही की बिचारा म्हटलं नाही. विचारलं काय, तर ह्याला चावता येतं का, का कुस्करून द्यावं लागतं. अक्कांनी तिला बस म्हटलं. मंगल दर रविवारी एसटीनं यायला लागली. पण अक्का समोर असल्या की मिटमिट्या तिच्या हातचं घ्यायचा नाही. ती पट्टा धरून रस्त्यापर्यंत न्यायची आणि तो चारही पाय रोवून मागं वळून उभा राहायचा. महिना असाच गेला. अक्का दिवसागणिक वाळत चालल्या होत्या.

एके दिवशी त्यांनी त्याला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तो दार खरवडत राहिला, मग नुसता कण्हत राहिला. गल्लीतले लोक कुरकुरायला लागले. अक्का आत पडून असायच्या, उठून बसायच्या, परत पडायच्या, पण त्याच्यासाठी दार उघडत नव्हत्या. अंगणात नळावर जाताना तो समोर आला की ओरडायच्या, “चल हट.” तो बिचकायचा, लांब जाऊन बसायचा, पुन्हा इंचाइंचानं सरकत यायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी जेवण घेऊन आत गेले तेव्हा तो माझ्या पायांतून आत शिरला, खाटेखालून पुढं आला आणि त्यानं हनुवटी अक्कांच्या पावलावर ठेवली. अक्कांनी खाली वाकून चप्पल उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. बरोबर त्या वळावर. एकदा नाही. तो ओरडला नाही. आधी फरशीवर चपटा झाला, मग तसाच सरपटत उंबऱ्याबाहेर गेला, आणि जिथून गेला तिथं ओली रेघ राहिली.

माझं डोकं फिरलं. ताट तिथंच आपटून मी म्हटलं, “अक्का, तार बांधणाऱ्यात अन् तुमच्यात फरक काय राहिला?”

त्यांना धाप लागली होती. चप्पल अजून हातात होती. “तो बांधून निघून गेला,” त्या म्हणाल्या. “मी जायच्या आधी सोडवायलेय.”

आम्ही काही दिवस कामापुरतंच बोललो. त्यानंतरच्या रविवारी मंगल आली तेव्हा मिटमिट्या फाटकापाशी होता. तिनं हाक मारली, तो तिच्याकडं गेला आणि तिनं ठरवून आणलेल्या जीपमध्ये स्वतः चढला. मी पळत आत जाऊन सांगितलं. अक्का भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, “फरशी पुसून घे. मला वाकता येत नाय.”

पुढचे दिवस दुखण्याचे होते. मॉर्फिनच्या गोळ्या, हिरवट उलट्या, अंथरुणाला लागलेली हाडं. कुत्र्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. आणि मग मी माहेरी जायच्या तीन-चार दिवस आधी त्या अचानक म्हणाल्या, मंगलला म्हणावं, एकदा घेऊन ये. फक्त एकदा. मी त्यांचे केस विंचरून दिले. खाटेला टेकवून बसवलं.

मंगल दुपारी आली. मिटमिट्या अंगानं भरला होता, गळ्यात निळा पट्टा होता. उंबऱ्यात तो थांबला, नाक वर करून त्यानं वास घेतला. अक्कांनी फक्त हात उचलला, त्याच्याकडं न्यायला. हात वर गेला आणि तो जमिनीला चिकटला, कान मागं पाडले, फरशी ओली झाली. मग सरपटत मंगलच्या मागं गेला आणि तिच्या साडीत तोंड खुपसलं. मंगल त्याला पुढं ओढायला लागली. अक्का म्हणाल्या, “राहू दे. ने त्याला.” हात मात्र तसाच हवेत होता. तो मीच धरून खाली ठेवला.

ती दोघं गेल्यावर अक्कांनी आपला तळवा नाकापाशी नेला. “औषधाचा वास येत असंल ना गं हाताला? त्यामुळं घाबरला असंल.”

“व्हय अक्का, वासच.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “खोटं बोलू नको. पडू दे मला आता.”

त्यांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं धड बोलणं. पुढं नुसतं पाणी, कूस, दुखतंय, एवढंच. त्यांनी केलं ते बरोबर होतं का, हे मला यांनी विचारलं, बहिणीनं विचारलं. मला सांगता येत नाही. तो बंद दारात बसून झुरला नाही, हे खरं. आणि शेवटी त्या त्याला एकदाही हात न लावता गेल्या, हेही खरं. कुठल्यातरी दयाळू युक्तीनं हे जमलं असतं का, असा विचार मी पुष्कळदा करते, पण मला अजून तरी ती सुचलेली नाही.

अक्कांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर मंगलनं आलेल्या प्रत्येकाला एकेक रोप दिलं. जाताना मला म्हणाली, एकदा या. मागच्या आठवड्यात मी गेले. शेडनेटच्या सावलीत मिटमिट्या पसरला होता. मला ओळखलं, शेपूट हलवली, उठला मात्र नाही. मंगल त्याच्यासाठी भात कुस्करून घेऊन आली. थाळी खाली ठेवली आणि मला म्हणाली, “ताई, जरा तिकडं तोंड करा. ह्याची एक खोड हाय. माणूस बघायला लागलं की हा खात नाय. पाठ केली की खातो. कामून, काय माहीत.”

मला माहीत होतं. दार बंद ठेवायच्या त्या दिवसांत अक्का अंगणात त्याची थाळी ठेवायच्या. निघून गेल्या तर तो खायचा नाही, बघत राहिल्या तर खाणं सोडून त्यांच्याकडं यायचा. म्हणून त्या त्याच्याकडं पाठ करून, नळाच्या कठड्याला धरून, पोट दाबत उभ्या राहायच्या. मी माझ्या खिडकीतून बघायचे. डोळे मिटलेले असायचे आणि मान थोडी कललेली… तो खातोय का, किती खातोय, ते ऐकत असायच्या. मंगलला मी हे सांगितलं नाही. आम्ही दोघी रोपांच्या ओळींकडं तोंड करून उभ्या राहिलो. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मागं थाळी फरशीवर सरकल्याचा आवाज आला, आणि तो खायला लागला.