रात्रीच्या वाक्यानंतरची खरखर

ठाकुर्लीला आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक पांढरा प्लास्टिकचा डबा आहे. तो बोलतो. काचबिंदूमुळे आईला आता फक्त उजेड-अंधार कळतो, म्हणून माझ्या धाकट्या भावाने तो तिच्यासाठी बनवला. सकाळी डबा म्हणतो, "आई, सकाळची गोळी. आधी काहीतरी खा." रात्री म्हणतो, "आई, रात्रीची गोळी. आणि झोप आता, टीव्ही ऐकत बसू नकोस." आवाज भावाचाच, थोडा नाकातला, कायम सर्दी झाल्यासारखा. गेल्या वर्षी डेंग्यूचं निमित्त झालं आणि तो गेला. डबा बोलतोच आहे.

आम्ही दोघं भावंडं एकाच धंद्यातली. यंत्रांच्या पोटातल्या चिमुकल्या चिपसाठी प्रोग्राम लिहायचे. आई म्हणायची, घरात दोन-दोन इंजिनियर आणि मिक्सर बिघडला की हाक दुकानवाल्यालाच. चिपमध्ये जागा अगदी बेताची असते, वन रूम किचनमध्ये आठ माणसं राहावीत तशी. म्हणून काहीही बदललं की आधी 'साइझ' नावाची कमांड चालवायची. काळ्या पडद्यावर तेवढा एक शब्द टाइप केला की ती प्रोग्रामच्या एकेका फाइलची ओळ दाखवते: कोड आणि न बदलणारा ऐवज किती, बदलणारा किती, नुसती राखून ठेवलेली जागा किती. आत काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. रद्दीवाल्याला पुस्तकाचं नाव लागत नाही, वजन लागतं, तशातली गत. भाऊ फोनवर जेवलीस का असं कधी विचारायचा नाही. "ताई, साइझ मारलीस का?" एवढंच विचारायचा.

यंदा डॉक्टरांनी आईला दुपारची एक अर्धी गोळी वाढवली. डब्यात दुपारचं वाक्यच नव्हतं. मी आधी नुसतं टिंग-टिंग लावून बघितलं, तर शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह वाजला तरी आई गोळी घ्यायला उठायची. एकदा तिने दोनदा घेतली आणि बेसिनपाशी चक्कर येऊन बसली. म्हणजे डब्याने शब्दांतच सांगायला हवं होतं, आणि सांगायला आता मी एकटीच उरले होते.

भावाचा लॅपटॉप नौपाड्याला माझ्या घरी आणला. त्याने प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल ठेवली होती: सकाळ, पाणी, रात्र, आणि गोळ्या संपत आल्या की म्हणायचं 'ताईला फोन कर'. ती चौथी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, आणि उघडून ठेवलेलं सगळं बंद करून खाली भाजी आणायला गेले. परत आले तेव्हा हातात कोथिंबीर होती, भाजी नव्हती.

मग माझं वाक्य रेकॉर्ड केलं. "आई, दुपारची गोळी. अर्धीच घ्यायची, जेवणाआधी, विसरू नकोस हं." सगळ्या फाइली जोडून प्रोग्राम बांधायला घेतला तर जागा नाही. साइझ मारली. त्याच्या चार ओळी आणि खाली माझी पाचवी. मला आत जायचं तर त्याच्यातलं एक वाक्य बाहेर काढायला हवं होतं.

आईला फोनवर सांगितलं की त्याची सगळी वाक्यं तुझ्या मोबाइलमध्ये ठेवते, हवी तेव्हा ऐक, डब्यातलं एखादं गेलं तर बिघडणार नाही.

"फोनमधला तो गेलेला आहे गं," ती म्हणाली. "डब्यातला वेळेवर येतो."

मोठी चिप बसवायची तर डबा आठवडाभर माझ्याकडे ठेवावा लागला असता, आणि त्याला आई एका रात्रीसाठीही तयार नव्हती. तेव्हा मी कात्री घेऊन बसले. चाचणीसाठी त्याने ठेवलेले संदेश काढले, कुणी वापरत नव्हतं तो कोड काढला. दर खेपेला साइझ मारायची, आकडा किंचित उतरायचा. पण जी जागा वाचली ती दुपारच्या वेळेच्या नव्या कोडनेच खाल्ली. आवाजाचा दर्जा कमी करून पाहिला, तर भाऊ फलाटावरच्या घोषणेसारखा बोलायला लागला. मला इतका राग आला की तो प्रयोग मी लगेच पुसून टाकला.

तेव्हा माझं लक्ष 'रात्र'च्या ओळीकडे गेलं. सकाळचं आणि रात्रीचं वाक्य लांबीला फार वेगळं नाही, पण रात्रीचा आकडा बराच मोठा. कानाला हेडफोन लावून ऐकलं. वाक्य संपल्यावर त्याने रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं. एक श्वास, मग पंख्याची खरखर, मग शेवटी माउसची टक्. आळशी कुठला, मी म्हटलं. शेपूट न कापता तसंच आत कोंबलंय. मी वाक्यानंतरचं सगळं कापलं, प्रोग्राम बांधला, साइझ मारली. बसलं. त्याचा एकही शब्द न घालवता माझं वाक्य आत बसलं होतं. तो गेल्यापासून पहिल्यांदाच मला स्वतःचं कौतुक वाटलं. हे त्याला सांगायला मी फोन उचलला. त्याचं नाव शोधून काढल्यावर भानावर आले. मग तिथेच खुर्चीत बसून पोटभर रडले.

शनिवारी ठाकुर्लीला जाऊन डब्यात नवा प्रोग्राम घातला. दुपारी माझा आवाज आला तशी आई हसली. म्हणाली, ही कोण बाई, बँकेतून बोलल्यासारखी बोलतेय. पण अर्धी गोळी तिने बरोबर घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

रात्री डबा बोलला. "आणि झोप आता, टीव्ही ऐकत बसू नकोस." आईने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. तिचा हात फ्रिजवर होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही. गोळी घेतली, पेला विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "बोलून झाल्यावर तो थोडा थांबायचा. ती खरखर यायची ना, तोवर असायचा. मी 'हो रे' म्हणायचे, मग टक् करून जायचा. आज मी बोलायच्या आत गेला."

इतकी वर्षं या धंद्यात, आणि शांततेला मी फुकट गेलेली जागा समजले.

दुसऱ्या दिवशी तिथेच लॅपटॉप उघडून बसले. पंख्याच्या आवाजाचा इवलासा तुकडा घेऊन तोच पुन्हा पुन्हा वाजेल असं केलं, त्याला जागा जवळजवळ लागत नाही. आईला ऐकवलं. तिने मान थोडी तिरकी करून ऐकलं. "हा नुसता पंखा आहे," ती म्हणाली, आणि बिचारीने लगेच पुढे जोडलं, "पण असू दे, चालेल." मला चालणार नव्हतं.

मी माझ्या वाक्याला कात्री लावली. आधी 'विसरू नकोस हं' गेलं. मग 'जेवणाआधी' गेलं. मग 'आई' गेलं, ते काढताना हात अडला, पण काढलं. दर वेळी साइझ मारत होते. माझी ओळ उतरत होती, त्याची चढत होती. शेवटी माझ्याकडे एकच शब्द उरला: 'अर्धी'. त्याचा श्वास परत आला, मागची खरखर परत आली. खरखरीचा शेवटचा तुकडा आणि ती टक् मात्र बसली नाही. फार नाही, एखाद्या अक्षराएवढी जागा कमी पडली. आणखी काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता रोज दुपारी मी आईच्या घरात तेवढा एक शब्द बोलते. रात्री तो बोलतो, श्वास घेतो, थांबतो, आणि आई घाईघाईने उत्तर देते. शनिवारी मी तिच्या शेजारी उभी राहून ऐकते. 'हो' ती त्याला म्हणते. 'रे' म्हणेपर्यंत खरखर थांबलेली असते.