दाता उपलब्ध नाही

अक्षदा घाडीगावकरच्या क्लासला मी जायला लागले तेव्हा माझी साठी जवळ आली होती आणि बाकीची पोरं विशीतली होती. नोकरी संपल्यावर मी घरी मसाले करून विकायला सुरुवात केली होती. फोनवर ऑर्डरी घेऊन घेऊन जीव विटला, तेव्हा वाटलं की आपलीही एक वेबसाइट हवी. कुणाकडून तरी करून घेतली असती तर सुटले असते, पण मला स्वतः करायची खाज. अक्षदा आमच्याच चाळीत, काळाचौकीला, माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. लालबागला भाड्याच्या एका खोलीत ती नवशिक्यांना वेब स्क्रिप्टिंग, म्हणजे वेबसाइटमागचा कोड लिहायला, शिकवायची. मी विचारलं, येऊ का? ती म्हणाली, "या की काकू. पण मी ओरडते हां."

ती कधीच ओरडली नाही. ओरडायचे मीच, त्या कॉम्प्युटरवर.

डेटाबेस म्हणजे माहिती ठेवायचं कपाट आणि क्वेरी म्हणजे त्या कपाटाला विचारलेला प्रश्न, एवढं मला लवकर कळलं. पुढचं डोक्यात शिरायला वेळ लागला. पानावर काही उमटलं नाही की पोरं हात वर करायची, "मॅडम, डेटाच नाहीये." अक्षदा स्टूल ओढून शेजारी बसायची. "डेटा नाही हे तुला कुणी सांगितलं? तू काय विचारलंयस ते आधी स्क्रीनवर छाप. मग तोच प्रश्न थेट डेटाबेसमध्ये जाऊन विचार. तो काय बोलतो ते नीट वाच, घाबरू नको." बहुतेक वेळा डेटा जागेवर असायचा आणि प्रश्नच मोडका असायचा. कपाट रिकामं असणं वेगळं आणि कपाट उघडलंच न जाणं वेगळं, हे तिने आमच्याकडून घोटून घेतलं होतं.

म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला अजून संताप येतो. तिचाही येतो, खोटं कशाला बोलू. पण बाकीच्यांचा जास्त येतो.

आमच्या गणपती मंडळात रक्तदान शिबिर पूर्वीपासून होतं. गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनचं. कुणाला रक्त लागलं की मंडळाच्या माइकवरून पुकारा व्हायचा. गाणं मध्येच बंद करायचं आणि सांगायचं, अमुक गटाचं रक्त पाहिजे, असेल त्याने मंडपात यावं. आरती चालू असली तरी ती संपल्या संपल्या पुकारा. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बिल्डिंगींना ऐकू जायचं. लोक जेवणावरून उठून हात धुऊन यायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग अक्षदाने मंडळासाठी रक्तदात्यांची साइट केली. फुकट केली, कुणी मागितलं नसताना. गट निवडायचा, बटण दाबायचं, की जवळच्या दात्यांची नावं आणि फोन समोर. मंडळाचे अध्यक्ष राजेशभाऊ एकदम खूश झाले. साइटच्या डोक्यावर बाप्पाचा फोटो, खाली त्यांचा स्वतःचा, हात जोडलेला. पेपरात छापूनही आलं. त्यानंतर पुकारा हळूहळू बंद पडला. गर्दीत गाणं थांबवायला कुणाला आवडत नव्हतंच, आता कारण मिळालं. "ऑनलाइन आहे ना सगळं," असं म्हणायचे.

एकदा साइट बिघडली आणि बाप्पाच्या फोटोखाली इंग्रजीत लांबलचक एरर उमटली. राजेशभाऊ तावातावाने वर आले. मी तेव्हा अक्षदाकडेच बसले होते. "हे काय गं घाण दिसतंय? देवाच्या फोटोखाली? नगरसेवक बघतात, डोनर बघतात. असलं काय दिसता कामा नये. काय झालं तरी मराठीत नीट वाक्य आलं पाहिजे." अक्षदा म्हणाली, "भाऊ, एरर दिसली तर कळतं तरी बिघडलंय म्हणून." भाऊ म्हणाले, "ते तू तुझ्या घरी बघ."

तिने ऐकलं. क्वेरी चुकली तर आवाज न करता पुढे जा, असं सांगणाऱ्या दोन ओळी तिने टाकल्या. त्यामुळे दाता नसला तरी आणि प्रश्नच मोडला तरी पानावर एकच वाक्य यायचं. "क्षमस्व, सध्या दाता उपलब्ध नाही." क्लासमध्ये एखाद्या पोराने असं केलं असतं तर तिने त्याला उठू दिलं नसतं. पण चाळीत राहून मंडळाच्या अध्यक्षाशी किती वाद घालणार? हे बाहेरच्यांना कळायचं नाही.

त्या वर्षी गणपतीसाठी अक्षदा गावी निघाली होती, कणकवलीला. आमच्याकडे घरचा गणपती गावी असला की माणूस नोकरी सोडेल पण गाडी सोडणार नाही. निघायच्या दिवशी संध्याकाळी तिच्या मनात आलं की तीन महिन्यांच्या आत रक्त दिलेल्या माणसाला फोन जायला नको. म्हणून तिने टेबलात नवा कॉलम घातला, शेवटच्या रक्तदानाच्या तारखेचा, आणि क्वेरीत तशी अट जोडली. स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासलं, झकास चाललं. नवी क्वेरी तिने सर्व्हरवर चढवली. कॉलम मात्र राहिला. तो तिच्या घरच्या डेटाबेसमध्ये होता, खऱ्या साइटच्या डेटाबेसमध्ये नव्हता. खाली आई पिशव्या घेऊन हाका मारत होती, बस लालबागवरून सुटायची होती. तिने लॅपटॉप मिटला.

तेव्हापासून प्रश्नच मोडत होता आणि साइट प्रत्येकाला एकच सांगत होती, दाता उपलब्ध नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण साधं रक्त लोकांना ब्लड बँकेतून मिळतंच.

स्वप्नील आमच्या चाळीतलाच. लोअर परळच्या एका ऑफिसात एसी दुरुस्तीच्या कामावर होता. मंडळात पहिला उभा राहणारा आणि शेवटी घरी जाणारा. त्याची बायको नम्रता आठव्या महिन्यात होती. गौरी आल्या त्या दिवशी सकाळी तिला रक्तस्राव सुरू झाला. परळच्या हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं, मुलगी वाचली. नम्रताला रक्त चढवायचं तर जुळेना. तिचा गट आतापर्यंत सगळे ओ समजत होते. तो निघाला बॉम्बे. नाव या शहराचं, पण हजारो माणसांत एखाद्याचा असतो, आणि त्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उद्यापर्यंत रक्त मिळालं तर आशा आहे. हॉस्पिटलवाल्यांनी सगळीकडे फोन लावले. सांगलीचा एक दाता सापडला, पण त्याला निघायला दुसरी सकाळ उजाडणार होती.

स्वप्नील धावत मंडपात आला. मी तिथे नैवेद्य घेऊन गेले होते. राजेशभाऊंनी लगेच फोन काढला, साइट उघडली, गट निवडला आणि मान हलवली. "नाय रे आपल्याकडे कोण. हे बघ." स्वप्नीलने पाहिलं. "भाऊ, माइकवरून सांगू या का?" भाऊंनी बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. दर्शनाची गर्दी होती, कुणीतरी मोठा पाहुणा यायचा होता. "अरे, ह्याच्यात अख्ख्या एरियाची नावं आहेत. ह्याच्यात नाय म्हणजे नाय. उगाच टाइम घालवू नको, तू हॉस्पिटलला जा, मी इकडे तिकडे फोन लावतो." त्यांनी खरंच फोन लावले. तो माणूस वाईट नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

नम्रता दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. सांगलीचा माणूस तेव्हा वाशीपर्यंत पोहोचला होता.

अक्षदा गावाहून आली ती तशीच बॅग घेऊन माझ्या दारात. बातमी तिला बसमध्येच कळली होती. रडली असेल, डोळे सुजलेले होते. पण आल्या आल्या तिने विचारलं, "काकू, कुठला गट होता?" मी सांगितलं. तिने बॅग खाली ठेवली. "बॉम्बे? पण गौतम आहे ना."

गौतम रस्त्याच्या पलीकडच्या बिल्डिंगमधला. माझगावला गोदीत कामाला. शिबिरात रक्त दिल्यावर त्याला कळलं होतं की आपला गट हा आहे. साइटच्या यादीत तो पर्यायच नव्हता, म्हणून तो क्लासवर जाऊन तिला भेटला होता आणि तिने त्याच्यासाठी पर्याय घातला होता. मंडळात त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्या बिल्डिंगमधले लोक शिबिराला येतात, वर्गणी देतात, पण कमिटीवर त्यांच्यातला कुणी कधी घेतलेला नाही. का, ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि आम्ही बोलत नाही.

तिने माझ्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. आम्हाला शिकवायची तसंच सगळं केलं. गट निवडला. दाता उपलब्ध नाही. त्या दोन गप्प बसवणाऱ्या ओळी काढल्या आणि पुन्हा विचारलं. आता सर्व्हर बोलला, असा कॉलम या टेबलात नाही. मग तिने क्वेरीतली नवी अट काढली. नाव आलं, गौतम कांबळे, फोन नंबर, पत्ता. आमच्या खिडकीतून त्याची खिडकी दिसते.

मी चहा ठेवला. तो कुणी प्यायला नाही.

राजेशभाऊंना तिने त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आता सांगून काय बाई परत येणार आहे? स्वप्नील वेडा होईल. मंडळाचं नाव जाईल, तुझा क्लास जाईल. देवाच्या मनात होतं, असं समज नि गप बस." मलाही क्षणभर पटलं. त्या पोराच्या पदरात तान्ही मुलगी. दाता नव्हताच, यावर त्याने निदान डोकं टेकलं होतं. ते काढून घ्यायचं? मी अक्षदाला तसं म्हणाले. ती म्हणाली, "काकू, मी एकदा गप्प बसायच्या ओळी लिहिल्यात. परत नाही लिहिणार." आणि उठून रस्ता ओलांडून गौतमकडे गेली.

शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. नम्रताचा फोटो, हार, उदबत्ती. स्वप्नील पुढे सतरंजीवर बसला होता, दाढी वाढलेली. मुलगी त्याच्या आईच्या मांडीवर झोपली होती. राजेशभाऊ उभे राहिले. म्हणाले, मंडळाने प्रयत्नांची पराकाष्ठा केली, पण गट दुर्मीळ, दाता मिळाला नाही, नियतीपुढे इलाज नसतो.

"दाता होता," अक्षदा म्हणाली.

ती मागे, माझ्या शेजारीच उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण पुढे बसलेल्यांच्या माना मागे वळल्या. तिने सगळं सांगितलं. कॉलम घालायचा राहिला, क्वेरी मोडली, आणि मोडल्याचं कळू नये अशी सोय तिने स्वतःच करून ठेवली होती. ती कुणाच्या सांगण्यावरून केली, हे ती बोलली नाही. मी बोलणार होते. तिने माझं मनगट धरून ठेवलं.

कुणीतरी तिला शिवी दिली. स्वप्नीलची आई रडायला लागली. दाराशी गौतम उभा होता, चपला हातात घेऊन. आत यावं की नाही, ते त्याला कळत नव्हतं. अक्षदाने तिकडे बोट केलं, तसा स्वप्नील वळला.

"तू?"

"हो."

"त्या दिवशी कुठं होतास?"

"घरीच होतो, दादा. गौरीची सुट्टी होती. दोन्ही दिवस घरीच."

मला वाटलं, आता स्वप्नील अक्षदाच्या अंगावर धावून जाणार. तो उठलाच नाही. त्याने खिशातून फोन काढला, मंडळाची साइट उघडली, खाली मान घालून गट निवडला आणि बटण दाबलं. बायको हॉस्पिटलात असताना रात्रंदिवस तो हेच करत होता, हे त्याच्या आईने मला नंतर सांगितलं. पुन्हा पुन्हा दाबायचा, म्हणायचा, एखादं नाव येईल.

"आलं," तो म्हणाला.

मग त्याने त्या नावाखालचा नंबर दाबला. दाराशी गौतमच्या खिशात फोन वाजायला लागला. गौतमने तो बंद केला नाही, आणि स्वप्नीलने कानाला लावलेला फोन खाली घेतला नाही.