‘पण’ नसलेली वही

राहायला ठाण्याला, नोकरी कल्याणला. दोन्ही गावांच्या नावांत ण. माझ्या नशिबाला थट्टा करायची भारी हौस.

आमचं घर खाडीकाठच्या जुन्या वस्तीतलं. आजोबा मिठागरात कामाला होते. घरी सगळे ‘पानी’ म्हणतात, ‘कोन’ म्हणतात. मी शिकले, मराठीची शिक्षिका झाले. लिहिताना ण मला कधी नडला नाही. बोलताना मात्र तो घाईत निसटायचा आणि त्याच्या जागी न येऊन बसायचा. पहिली काही वर्षं त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

मग एकदा पाचवीच्या वर्गात मी ‘प्रानी’ म्हणाले आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक सर दारात उभे होते. “बाई, प्राणी. ण बाणातला,” ते तिथूनच म्हणाले. “मुलं ऐकताहेत.” मुलं हसली. सर पुढच्या वर्गाकडे गेले. माणूस वाईट नव्हता, शाळेसाठी राबायचा. पण त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की शिक्षकांच्या खोलीतले आवाज आपोआप उतरायचे. मला त्यांचा राग आला, आणि स्वतःची लाज त्याहून जास्त वाटली.

त्या दिवसापासून मी ण टाळायला लागले. आमची टाचणवही असते. उद्या वर्गात काय सांगायचं, काय विचारायचं ते तिच्यात लिहून ठेवायचं, मुख्याध्यापक खाली सही करतात. मी त्या वहीतच शब्द वेचून ठेवायचे. ‘पण’ऐवजी परंतु, ‘आणि’ऐवजी व, ‘म्हणून’ऐवजी त्यामुळे. गणपतीचा नुसता बाप्पा केला, पाण्याचं जल. गंमत अशी की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुक सुरू झालं, बाईंची भाषा किती शुद्ध! मी ते वाचून फोन पालथा घालून ठेवला.

दुपारच्या ऑफ तासाला मी रिकाम्या वर्गात एकटीच बसायचे. फळ्यावर ऊन सरकत यायचं, खडूची धूळ त्यात तरंगत राहायची. डोळे अर्धवट मिटले की वर्गाचं मिठागर व्हायचं, पांढरं, सपाट, निःशब्द. बांधावर आजोबा उभे असायचे. ते काहीतरी विचारायचे, मी उत्तराचे शब्द शोधायचे, आणि हाताला लागेल त्या शब्दात ण असायचा. घंटा झाली की मी दचकून उठायचे.

सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी नव्या मोठ्या बाई आल्या. तोवर मी अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. माझ्याकडून मराठी काढून घ्या, मला शिवणाचे तास द्या. शिवणातही ण आहे, पण तिथे फार बोलावं लागत नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी मोठ्या बाई त्या रिकाम्या वर्गात आल्या. हातात माझी टाचणवही. शेवटच्या बाकावर बसल्या, मला शेजारी बसवलं.

“पहिल्या सत्राचं सगळं टाचण वाचलं,” त्या म्हणाल्या. “छान आहे. यात ‘पण’ एकदाही नाही. कुठे ठेवलात?”

ती वही कुणी वाचतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं, रडले, अर्जही काढून दिला. त्यांनी तो वाचून वहीत ठेवला.

“सोमवारचा परिपाठ तुमचा. घरी बोलता तशा बोला. मग तुम्हीच सांगा, अर्जावर सही करू की नको.”

परिपाठ म्हणजे सकाळी मैदानात अख्खी शाळा, सगळ्या शिक्षकांसकट. हसले तर मराठी सोडायची, असं ठरवूनच मी उभी राहिले.

“माजा आजा मिठागरान कामाला जायाचा. भरतीचा पानी आत घेवाचा…”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या वर पायरीवर नव्हत्या, मुलांच्या रांगेत उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी हसणाऱ्याला दटावलं नाही की मला सुधारलं नाही. मी बोलत राहिले. कोवळ्या उन्हात मैदान पांढरं दिसत होतं आणि आजोबा या वेळी काही विचारत नव्हते, नुसते ऐकत होते. मला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

नंतर जिन्यात सातवीतली एक मुलगी माझ्यासाठी थांबली. जूनपासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिच्या प्रगतिपत्रकात मीच लिहिलं होतं, ‘सहभाग कमी’.

“बाई, आमच्या घरी पन पानीच म्हनतात.”

“मग वर्गात गप्प का असतेस गं?”

तिनं खाली पाहिलं. “तुम्ही एवढं शुद्ध बोलता. तुमची भीती वाटते.”

सरांच्या चपलांचा आवाज मला त्या क्षणी माझ्याच पायांत ऐकू आला. मी तशीच ऑफिसात गेले आणि अर्ज परत मागितला.

“नक्की?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “पन त्या पोरीचं प्रगतिपत्रक पन द्या. मला एक ओळ खोडायची आहे.”