डिस्क कोणी अडवली होती

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी सर्व्हर वैशाली मॅडमच्या सॉफ्टवेअरमुळे अडकला नव्हता. माझ्यामुळे अडकला होता.

चांदवडजवळ एका कांदा व्यापाऱ्याचं गोडाऊन आहे. तिथला लिनक्स सर्व्हर मी नाशिकहून येऊन-जाऊन सांभाळतो. त्यावर चालणारं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर वैशाली मॅडमचं. एकटीच काम करते, बारीकसारीक क्लायंट, त्यात हा सगळ्यात मोठा.

त्या सकाळी काट्याची पावतीच निघेना. ट्रॅक्टरची रांग हायवेपर्यंत गेली. देवळ्याकडचा एक शेतकरी खिडकीत डोकं घालून म्हणाला, "ओ साहेब, कांदा उन्हात हाय. तुमचा कॉम्प्युटर तेवढा सावलीत हाय!"

शेठनी मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकलं.

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर झोपलंय. जगताप म्हणतात, डिस्क गुंतलीय."

"शेठ, माझा प्रोग्राम डिस्कवर फार लिहीतच नाही. जगताप सर, एकदा आयओटॉप लावून बघता का?"

बरोबर बोलली. डिस्क पूर्ण गुंतलीय एवढं मला दिसत होतं, पण कोणामुळे ते नव्हतं दिसत. सोसायटीचा पाण्याचा मीटर जोरात फिरतोय, पण नळ कोणाचा उघडा आहे ते कळत नाही, तसं. आयओटॉप घरोघरचा नळ दाखवतं: कुठला प्रोग्राम या क्षणी डिस्कवर किती वाचतोय, किती लिहितोय.

लावलं. स्क्रीन एकाच नावाने वरपासून खालपर्यंत भरली. नाव मीच दिलेलं.

ती माझी स्क्रिप्ट होती, मी लिहिलेला छोटा प्रोग्राम. डिस्क कोण वापरतंय याचीच नोंद दर मिनिटाला ठेवणारी. नोंद लिहायची आणि दिवसातला सगळ्यात मोठा आकडा काढायला अख्खी फाइल पुन्हा वाचायची. जुन्या नोंदी काढून टाकायचं माझ्याकडून राहूनच गेलं. फाइल इतकी फुगली की एका मिनिटात वाचून होईना. स्क्रिप्टची पहिली कॉपी संपायच्या आत दुसरी सुरू, मग तिसरी. पहारेकऱ्यांनीच दार अडवलं होतं.

शेठ मागे उभे होते. त्यांना स्क्रीनवरचं काही कळत नव्हतं, तरी मी ती विंडो लहान केली. सगळ्या कॉपी बंद केल्या, दर मिनिटाला चालवणारी ओळ खोडली. प्रिंटर खरखरला. बाहेर कोणीतरी शिट्टी मारली.

"काय होतं हो?" शेठ म्हणाले. फोन चालूच होता.

"काट्याचं सॉफ्टवेअर अडकलं होतं. सोडवलं."

"बघा मॅडम!"

पलीकडून, "बरं. बघते मी."

संध्याकाळी तिचा मेसेज आला. 'सर, नेमकं काय अडकलं होतं? सांगाल का? मी दुरुस्त करते.' नसलेली चूक शोधत ती बसली. सापडणार कुठून? शेवटी शेठनी तिचं काम दुसऱ्याला दिलं. तेव्हा मी समोरच होतो, चहा पीत.

आता कुठलाही सर्व्हर अडकला की आधी स्वतः लावून ठेवलेल्या गोष्टी तपासतो. धडा तेवढाच, आणि तो फार उशिरा आला.

त्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते द्यायचंय. आणि तेच शेठसमोर, स्पीकर चालू ठेवून सांगायचंय.