ॲसिडवर चुना

बारावीच्या वर्षी माझ्या शहाणपणाला नुसता ऊत आला होता. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या मॅडम उदासिनीकरणाची निव्वळ आयनिक समीकरणं शिकवत होत्या. दोन्ही बाजूंना जसेच्या तसे राहतात ते आयन म्हणजे बघे, त्यांना खोडा, असं त्या म्हणायच्या. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी कुठलंही घ्या, शेवटी उरतं एवढंच: H⁺ + OH⁻ → H₂O. दोन्ही जहाल गोष्टी संपतात आणि पाणी राहतं. मला हे इतकं आवडलं होतं की इंदापूरच्या एसटीत बसूनही मी वहीत बघे खोडत असायचे.

त्या रविवारी आबा, म्हणजे माझे वडील, डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडायला निघाले. आमच्या पाण्यातल्या क्षारांनी नळ्या तुंबतात, म्हणून हे अधूनमधून करावंच लागतं. हातमोजे घरात खुंटीला होते. आबांनी कॅनचं झाकण हिसका देऊन उघडलं, ॲसिड उसळलं आणि डाव्या हातावर सांडलं. दोन-चार थेंब डोळ्यात गेले.

"आई गं! डोळा गेला माझा!" आबा खालीच बसले.

पाण्याची टाकी दहा पावलांवर होती. मी तिकडं गेलेच नाही. मी आबांच्या बंडीच्या खिशातून तंबाखूबरोबरची चुन्याची डबी काढली. गांधीलमाशी चावली की आमच्याकडं चुनाच लावतात, आणि आता तर माझ्याकडं समीकरणही होतं. कॅल्शियम खोडा, क्लोराइड खोडा, उरलं पाणी. सगळी डबी मी त्यांच्या हातावर रिकामी केली आणि चोळली. आबा ओरडले. मला वाटलं, ॲसिडमुळं. माझ्या बोटावर थोडा चुना उरला होता.

"आबा, डोळा उघडा. एवढा लावते."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तो कसाबसा उघडलाही.

"हात मागं घे! आंधळं करती का त्यास्नी?" आई धावत आली. तिनं मला ढकललं आणि आबांचं डोकं आणि हात टाकीच्या नळाखाली धरले. आई सातवी शिकलेली, पण लोणी देवकरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिथं ॲसिड उडालं तर काय करायचं ते दाखवतात, आणि तिनं ते नीट पाहिलं होतं. वीस मिनिटं तिनं नळ बंद करू दिला नाही.

"आबा, दिसतंय का?" मी विचारत राहिले.

डोळा वाचला. हात बघून मात्र इंदापूरचे डॉक्टर भडकले. "नुसतं पाणी ओतलं असतं तर एवढं खोल भाजलं नसतं. ॲसिडला चुना लागला की उष्णता निघते, शिवाय चुना स्वतः कातडी जाळतो. कुणी केला हा मूर्खपणा?"

उष्णता निघते हे मॅडमनीही सांगितलं होतं. मला फक्त खोडण्यात रस होता.

आई माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "म्याच लावला, डॉक्टर. पोरगी नगं नगं म्हनत हुती. शिकल्याली हाय ती."

डॉक्टरांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "वडलांनी तुझं ऐकायला हवं होतं," ते म्हणाले.

मी मान डोलावली.