ही भाकर कुणाच्या घरची?

माझा स्वभाव चौकस. बायको त्याला भोचकपणा म्हणायची. ती गेली आणि मुलीने मला गावाहून उचलून खोडाळ्याला आणलं. ती इथे शाळेत शिकवते. पहिल्याच रविवारी म्हणाली, "बाबा, पाड्यावर नवं चर्च झालंय, चला." मी म्हटलं, "तुझी आई गेल्यापासून देवाशी माझं बोलणं बंद आहे, माहीत आहे ना?"

खोटं नव्हतं ते. आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना बायको करायची, मी नुसतं आमेन म्हणायचो. आता मुलगी डोळे मिटायची आणि मी मुद्दाम ताट ओढून जेवायला लागायचो. तिला ते फार लागायचं, पण माझा राग जात नव्हता.

तरी गेलो. जित्याची खोड, दुसरं काय! नगरकडच्या आमच्या दगडी चर्चमध्ये बाकं होती, घंटा होती, पाळकसाहेबांचा पांढरा झगा होता. इथे पत्र्याची शेड, सारवलेली जमीन आणि ढोलकी. प्रार्थना म्हणजे सगळे एकदम, मोठमोठ्याने! कुणी मराठीत, कुणी घरच्या बोलीत. "या गलक्यात देवाला कुणाचं ऐकू येत असेल गं?" मी मुलीच्या कानात विचारलं. तिने चिमटा काढला.

खरी गंमत पुढेच होती. दाराशी एक टोपली होती आणि येताना प्रत्येक घराने तिच्यात फडक्यात गुंडाळलेली एक भाकर ठेवली होती. उपासना संपल्यावर टोपली फिरली. प्रत्येक घराने एक उचलायची. स्वतःचीच आली तर परत ठेवायची. ज्या घरची भाकर येईल त्या घरी आठवड्यात जेवायला जायचं आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. पण ती कुणाची, हे कुणी सांगत नाही. आपण शोधायचं.

माझ्यासारख्याला हे म्हणजे आयतं कुरणच! माझ्या हाती आली ती नागलीची भाकर एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला कच्ची, आणि गोल तर कुठूनच नव्हती. मी ती वर धरून बायकांच्या घोळक्यात शिरलो. "बाई, ही तुमची का?"

"अगं बाई! अशी थापली असती तर सासूने कधीच माहेरी धाडलं असतं मला!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसलो.

मागे माझ्याच वयाचा एक माणूस खाली मान घालून ढोलकीची दोरी उगाच घट्ट करत होता. मी गेलो त्याच्यापाशी. "दादा, तुमच्या सुनेच्या हातची का?"

"सून नाय. माझीच," तो म्हणाला. "घरवाली गेली मागल्या पावसात. हात बसला नाय अजून."

करपलेला तुकडा मोडून मी तिथेच त्याच्याशेजारी बसून खाल्ला.

चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो. कुडाच्या भिंती, सारवलेली ओटी. त्याने उडदाची डाळ केली होती, भाकऱ्या तशाच वाकड्या. दोन ताटं वाढली. मी वाट पाहतोय, तोही पाहतोय. मला कळेना, हा जेवत का नाही?

"करा ना प्रार्थना," तो म्हणाला. "भाकर तुम्हाला आली, म्हणजे तुम्हीच करायची."

"मला येत नाही हो. आमच्यात ती करायची."

"मलाबी नाय येत. तीच करायची. मी आपला आमेन."

"घ्या! दोघेही आमेनवाले!" मी हसायला गेलो आणि डोळे भरून आले. डाळ निवत चालली होती. आता ताट पुढे ओढावं, तर हा बिचारा हात जोडून बसलेला.

शेवटी मी डोळे मिटले. गोड शब्द एकही सुचेना. जे तोंडात आलं ते बोललो. "देवा, मला तुझा राग आहे. तिला का नेलंस? मी होतो ना म्हातारा, खोकणारा? मला न्यायचं होतंस. तिच्याशिवाय मी कसं राहायचं, याचा विचार तरी केलास का?"

त्याने माझा हात धरला.

"माझ्या घरवालीचंबी इचारा," तो हळूच म्हणाला.

मी डोळे उघडले नाहीत. तिचंही विचारलं.